चार नंबरचा सिलिंडर

रविवारी दुपारी जेवून कानसाहेब जरा आडवे झाले आणि साडेचारला उठून बसले, तेव्हा बायकोनं त्यांच्याशी बोलणं बंद केलेलं होतं.

"चहा झाला का गं?"

उत्तर आलं नाही. चहा आला. कप ज्या आवाजात टेबलावर ठेवला गेला, त्यावरून कानसाहेबांनी निदान केलं की विषय घोरण्याचा आहे आणि या वेळी तो चांगलाच पेटलाय.

"अगं, मी नुसता डोळे मिटून पडलो होतो," ते म्हणाले. "आणि मी घोरत असतो, तर मला ऐकू आलं नसतं? मला? अख्खी कंपनी माझ्या कानावर चालते!"

या युक्तिवादाला बायकोकडे गेली तेवीस वर्षं उत्तर नव्हतं. त्या दुपारी मात्र तिनं ते तयार करून ठेवलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंदांचं.

कंपनीबद्दल कानसाहेब म्हणत होते ते खोटं नव्हतं. जहाजं आणि वीजकेंद्रं चालवणारी, दुमजली घराएवढी इंजिनं त्यांची कंपनी बनवायची, साठ-सत्तर देशांत विकायची आणि बिघडली की दुरुस्त करून द्यायची. कुठल्या समुद्रात एखादं इंजिन कुरकुरायला लागलं, की तिथला इंजिनिअर फोन इंजिनाजवळ धरून आवाज टिपायचा आणि कानसाहेबांना पाठवायचा. कानसाहेब डोळे मिटून तीनदा ऐकायचे आणि सांगायचे, अमुक सिलिंडर, तमुक बोल्ट. बहुतेक वेळा तेच निघायचं. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी मात्र मुख्य कचेरीतून आलेखबाई आल्या. वय जेमतेम तिशीचं, हातात लॅपटॉप आणि लॅपटॉपमध्ये एक प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम आवाज ऐकायचा, रंगीत आलेख काढायचा आणि खाली निदान लिहायचा. बाई कधी आवाज चढवत नसत. कुणी काही बोललं की वहीत लिहून घेत, त्यामुळे सगळे त्यांना टरकून होते. पुढे इंजिनं कानानं ऐकायची की प्रोग्रॅमनं, याचा निकाल महिनाअखेर लागायचा होता. बावीस इंजिनं झाली होती. अकरा वेळा कान जिंकला होता, अकरा वेळा प्रोग्रॅम. कान हरला तर कानसाहेबांची बदली तळघरातल्या जुन्या माहितीपुस्तकांच्या विभागात होणार होती. तिथे आधीच गेलेले दोघे जण अधूनमधून जिन्यात दिसत. तिथे ऐकण्यासारखं काहीही नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला समुद्रातून फोन आला. मालवाहू जहाजाचा मुख्य इंजिनिअर होता. त्याला सगळे चीफ म्हणत.

"साहेब, कालपासून इंजिनरूममध्ये काहीतरी विचित्र वाजतंय. माझा स्वतःचा फोन मेलाय, हा जहाजाचा आहे. कुणाच्या तरी फोनवरून रेकॉर्डिंग पाठवतो."

दहा वाजून पाच मिनिटांनी रेकॉर्डिंग आलं. नंबर अनोळखी होता, सोबत एक अक्षर नव्हतं. नंबर अनोळखी होता, कारण गेल्या आठवड्यात बायकोचा फोन बादलीत पडला होता. नव्या फोनचा नवा नंबर कानसाहेब "संध्याकाळी टाकतो" असं सात दिवस म्हणत होते. आणि अक्षर नव्हतं, कारण तिचं बोलणं बंद होतं. घरी ऐकवलं असतं तर वाद झाला असता. ऑफिसात मात्र ते आलेला प्रत्येक आवाज मन लावून ऐकतात, हे ती जाणून होती.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये स्पर्धा सुरू झाली. कानसाहेबांनी फोन स्पीकरला जोडला आणि डोळे मिटले.

आधी एक लांबलचक घरघर आली. ती चढत चढत एका जागी अडकली. मग काहीच नाही. केबिनमधले सगळे श्वास रोखून बसले. मग फाटकन काहीतरी सुटलं, बारीक शिट्टी वाजली आणि पुन्हा घरघर.

"बाप रे!" मोठे साहेब म्हणाले.

कानसाहेबांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं, तसं काहीतरी उमटलं.

"चार नंबरचा सिलिंडर," ते म्हणाले. "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. नीट मिटत नाहीये. ती शिट्टी ऐकलीत? तिथून हवा गळतेय. इंजिन जुनं आहे. आणि वर्षानुवर्षं कमी लोडवर चालवलंय. काम थोडं, इंधन भरपूर. आत काजळी साचून साचून हे असं होतं. मधेच दम कोंडतो बघा. असंच चालू ठेवलं तर एक दिवस जागच्या जागी बंद पडेल."

"आणि प्रोग्रॅम काय म्हणतो?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

आलेखबाईंनी लॅपटॉपकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तो सगळ्यांकडे वळवला. पडद्यावर लिहिलं होतं: इंजिन नाही.

केबिन हसण्यानं दणाणली. "इंजिन नाही? मग काय, जहाजावर रेडा बांधलाय?" मोठे साहेब म्हणाले. कानसाहेब मोठ्या मनानं म्हणाले, "असू द्या. शिकेल हळूहळू." आलेखबाईंनी वहीत लिहून घेतलं.

लगेच चीफला फोन लावला गेला. मोठ्या साहेबांनी आधी त्याला ते रेकॉर्डिंगच ऐकवलं, मग कानसाहेबांनी निदान सांगितलं.

"पण साहेब," चीफ म्हणाला, "मी काय म्हणत होतो, ते रेकॉर्डिंग..."

"रेकॉर्डिंग तीनदा ऐकलंय! वाद नको. हळू चालवत जवळच्या बंदराला लागा आणि इंजिन बंद करा. चार दिवस थांबावं लागेल."

"चार दिवस? बंदरात?"

"चार. कमी नाही."

चीफनं आवाज गंभीर केला. "साहेब, तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच." त्याच्या मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्यासारखं वाटलं. कानसाहेबांनी ते ऐकलं, पण तो आवाज इंजिनाचा नसल्यामुळे सोडून दिला.

संध्याकाळी ते शीळ घालत घरी आले. बायकोनं दार उघडलं आणि मौन सोडलं.

"ऐकलंत?"

"काय?"

"सकाळी पाठवलं ते. दहा वाजता."

कानसाहेबांनी एक बूट काढला होता. दुसरा पायातच राहिला. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर पाहिला, बायकोच्या हातातला नवा फोन पाहिला, आणि चपलांच्या कपाटावर बसले.

"ते तू पाठवलंस?"

"नाहीतर कोण पाठवणार? ऐकलंत ना? काय वाटलं?"

"जहाज थांबवलं," कानसाहेब म्हणाले.

सगळं ऐकून झाल्यावर बायकोला हसून हसून उभं राहवेना. तीही कपाटावर बसली. "काजळी साचलीय म्हणालात? काम थोडं, इंधन भरपूर? अहो, हे मी इतकी वर्षं सांगतेय, पण मला असं छान मांडता नाही आलं कधी!"

"हसू नकोस. तळघरात जाईन मी. कुणाला सांगितलंस तर बघ."

"नाही सांगणार. पण आधी कबूल करा."

"काय कबूल करू?"

"घोरता म्हणून."

कानसाहेबांनी बराच विचार केला. "व्हॉल्व्हमधून थोडी हवा गळते," ते म्हणाले. "आणि डॉक्टरकडे येईन. महिनाअखेर जाऊ दे."

मग गॅलरीत जाऊन त्यांनी चीफला फोन लावला. "चीफ, इंजिन उघडू नका. त्या रेकॉर्डिंगमध्ये जरा गडबड आहे."

"आता कसलं, साहेब! उघडलंसुद्धा. चार नंबरचा व्हॉल्व्ह, तुम्ही म्हणालात तस्सा जळालेला. मोठ्या साहेबांना फोटो गेला."

कानसाहेबांनी कठडा धरला. आपला कान आता आवाजाशिवायही ऐकू लागला, असं क्षणभर त्यांना वाटून गेलं. "खरंच?"

चीफनं आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो. तो व्हॉल्व्ह मागच्या वर्षीच काढलेला. स्टोअरच्या दाराला टेकण म्हणून ठेवला होता. आमचं वाजत होतं ते काय, तर पाइपामागे पडलेला पाना! तो काढला सकाळीच. तेच सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात चार दिवस थांबा. पोरांनी तीन महिने जमिनीला पाय लावला नव्हता, साहेब. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय करू?"

"म्हणजे तुम्ही रेकॉर्डिंग पाठवलंच नव्हतं."

"छे. पण मोठ्या साहेबांनी ऐकवलं ना ते. कुणाचं आहे, मी विचारत नाही. पण ज्याचं असेल त्याला निरोप द्या, ते इंजिन असं चालवणं बरं नाही."

आता कानसाहेबांनी खरं सांगितलं, तर चीफ अडकणार होता. चीफनं सांगितलं, तर कानसाहेब. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी ऑफिसात सत्कार झाला. सहकुटुंब बोलावणं होतं. मोठ्या साहेबांनी पुष्पगुच्छ दिला आणि ते रेकॉर्डिंग पूर्ण आवाजात दोनदा वाजवून दाखवलं. मग त्यांनी जाहीर केलं की हा आवाज आता नमुना म्हणून प्रोग्रॅमला शिकवला जाईल आणि साठ-सत्तर देशांतल्या कचेऱ्यांना पाठवला जाईल.

"सर, पण तो अजूनही 'इंजिन नाही'च म्हणतोय," आलेखबाई म्हणाल्या.

"मग म्हणायला लावा! आणि हा प्रोग्रॅम कानसाहेबांच्या फोनमध्येही टाका. चोवीस तास त्यांच्यासोबत ऐकत राहील, तेव्हा सुधारेल." मोठे साहेब बायकोकडे वळले. "वहिनी, तुम्हाला काय वाटलं हा आवाज ऐकून?"

कानसाहेबांनी पुष्पगुच्छात तोंड घातलं.

"थांबवलंत ते फार बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "मी तर म्हणते, उशीरच झाला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आलेखबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

रविवार उजाडला. महिनाअखेर दोन दिवसांवर होती. निकालाची आता काळजी नव्हती, त्यामुळे कानसाहेब दुपारी पोटभर जेवून निर्धास्त आडवे झाले. फोन उशाशी होता. सव्वातीनला तो वाजला. ते उठण्याची चिन्हं दिसेनात, म्हणून बायकोनं उचलला.

"काकू, सर आहेत का?" आलेखबाईंचा आवाज होता. "आज ड्यूटी माझी आहे. इशारा आलाय. चार नंबरचा सिलिंडर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इंजिन ताबडतोब बंद करा म्हणतोय. पण जागा समुद्रात नाही दाखवत. तुमच्या घरचा पत्ता येतोय."

बायकोनं पलंगाकडे पाहिलं. घरघर चढत चढत एका जागी अडकली होती. तिनं ती सुटेपर्यंत वाट पाहिली.

"हो, इथेच आहे," ती म्हणाली. "चालू आहे. कमी लोडवर."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग आलेखबाई हसल्या. त्या हसतात हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तो पहिल्या दिवशी बरोबर होता! 'इंजिन नाही' म्हणाला होता तो!"

"तुझा प्रोग्रॅम गुणी आहे गं. तुम्हीच त्याला खोटं बोलायला लावलंत."

या बोलण्यानं कानसाहेबांना जाग आली. "मी नुसता डोळे मिटून..." एवढं म्हणून त्यांनी फोनवरचं नाव पाहिलं आणि तो बायकोच्या हातातून ओढून घेतला. बायकोनं स्पीकर लावला.

"सर, मी मोठ्या साहेबांना काही सांगणार नाही," आलेखबाई म्हणाल्या. "पण उद्या तुम्ही लिहून द्यायचं, की आवाज आधी प्रोग्रॅमनं ऐकावा."

"आणि मी तळघरात?"

"तळघरात कशाला? माझ्या शेजारी बसा. इंजिन आहे की नाही, ते तो सांगेल. असलं तर काय बिघडलंय, ते तुम्ही सांगा. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

कानसाहेबांनी बराच वेळ उशीचा अभ्रा सारखा केला. "लिहून देतो," ते म्हणाले. "पण हा आवाज तेवढा काढून टाका त्यातून."

"तो नाही निघणार. मोठ्या साहेबांची सही आहे त्यावर, आणि सगळ्या कचेऱ्यांना गेलाय. बुधवारी चौथ्या मजल्यावर त्याच्यावर व्याख्यानही आहे."

"बुधवारी नाही जमायचं त्यांना," बायको म्हणाली. "बुधवारी डॉक्टरकडे नेतेय. सगळं उघडून बघायला."

"मग असं करते, काकू. तुमच्या पत्त्यापुरतं एक बटण दाबते. 'ओळखीचा आवाज, दुर्लक्ष करावे.' म्हणजे पुन्हा इशारा नाही यायचा."

"ए, थांब थांब!" बायकोनं फोन कानसाहेबांच्या हातातून काढून घेतला. "असं बटण निघालंय? अगं, मग ते आधी मला पाठव ना!"