कवठी चाफ्याची कळी आणि एका मिशीची हकीकत

श्री. ज्याच्या मस्तकी रोज दुसऱ्याच्या अंगणातले जास्वंद चढते, त्या गणरायास आधी नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, रविवार, वर्षाचा पाडवा, ते दिवशी एका राज्यात जे घडले ते ऐसे. राज्य लहान, बंगल्यांच्या दोन रांगा आणि मध्ये रस्ता, कमानीवर नाव होते ते रंगाऱ्याने पुसले आणि पुन्हा लिहिलेच नाही. तेथील अध्यक्ष वामनराव खळदकर, पुरुष मातबर, मिशी त्याहून मातबर. त्यांचे अंगणी कवठी चाफा होता, त्याने कैक वर्षे नुसती पाने दाखवली आणि यंदा एक कळी धरली, कोंबडीच्या अंड्याएवढी, तेव्हा आदल्या संध्याकाळी सभेत वामनरावांनी मिशीस पीळ भरला आणि बोलिले, "उद्या आमची कळी उमलते. गुढ्या उभारून झाल्या की सर्वांनी दर्शनास यावे. या राज्यातले पानन् पान आम्हास ठाऊक आहे. आमच्या झाडास कोणी बोट लावून दाखवावे, ही मिशी उतरवून देऊ!" सभेने टाळ्या वाजविल्या, आणि छत्रीच्या वाकड्या मुठीने अवघ्या राज्याची फुले ओढणाऱ्या शकुंतलाबाई बोकील यांनी सर्वांहून अंमळ जास्त वेळ वाजविल्या. मग सकाळ जाहली, वामनराव अंगणात आले, तो देठ होता आणि कळी नव्हती.

आतून त्यांच्या पत्नी सुलभाबाई श्रीखंड ढवळता ढवळता म्हणाल्या, "अहो, जरा ऐका तर." पण मोहिमेस निघालेला पुरुष घरचे ऐकत नसतो, आणि वामनराव टोपी चढवून निघाले, आणि फाटकापाशी आप्पा रिसबूड, राज्याचे सेक्रेटरी, कानाला मफलर गुंडाळून फिरावयास निघाले होते त्यांस सोबत घेतले. "कळी गेली," वामनराव कानात बोलिले. आप्पांनी आधी मिशीकडे पाहिले आणि मग म्हणाले, "अरेरे." "चाफ्याचा वास लपत नाही, आप्पा. नाक पुढे, आपण मागे." मग स्वारी पुढे चालली. वसंत ऋतू पुरा भरात, आंब्याला मोहोर आणि त्यात कैऱ्या, बोगनवेल भिंतीवरून सांडलेली, कोकीळ ओरडून ओरडून घसा बसलेला, आणि दारोदार लोक गुढीसाठी कडुलिंब आणि आंब्याचे डहाळे नेताना दिसत. प्रभुण्यांच्या पारिजाताखाली थांबून टेहळणी करावी असा वामनरावांचा बेत होता, आणि थांबले, तो पारिजाताचे जागी कापड पांघरलेली मोटार. "येथले झाड कोणी नेले?" वामनराव गरजले. आप्पा म्हणाले, "तुम्हीच फरशी घालायला परवानगी दिलीत की. पेढाही खाल्लात." मग पुढे डॉक्टर करमरकरांची हिरवळ लागली, यंदा प्लास्टिकची घातलेली, आणि डॉक्टर तिला पाइपाने पाणी घालीत होते. "हे वाढते काय?" वामनरावांनी पुसले. "वाढत नाही, पण सवय जात नाही," डॉक्टर म्हणाले. आणि इतक्यात वारा फिरला आणि चाफ्याचा वास आला, थेट, झणझणीत, आणि वामनरावांनी आप्पांचा दंड धरला, आणि वासामागे कुंपण ओलांडले, आणि तुळशीच्या कट्ट्यास गुडघा आपटला, आणि परक्या खिडकीत डोके घातले. आत देवापुढे उदबत्ती जळत होती. उदबत्तीच्या पुड्यावर चाफ्याचे चित्र होते. घरची सून म्हणाली, "काका, वर्गणी का? संध्याकाळी या ना."

तरी वामनराव डगमगले नाहीत. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली बोकीलबाई छत्रीने फांदी ओढीत होत्या आणि दंडाला फुगलेली पिशवी होती, तेव्हा स्वारीने त्यांस वेढा घातला. "पिशवी दाखवा, बाई!" "बघा की, मला कुणाची भीती?" आणि पिशवी उलटी केली, तो कण्हेर, तगर, मोगरा, डॉक्टरांची कोरांटी, अवघे राज्य त्यात निघाले, आणि कळी नाही. "आणि हे जास्वंद आमचे!" वामनराव ओरडले. "असेल. मग माझी तगर तुमच्या देव्हाऱ्यात रोज असते ती? स्वतःच्या झाडाला हात लावू देत नाही म्हणे नवरा. बिचारी सुलभाताई अंधारात उठून आमच्याकडे येते. फाटक मीच उघडं ठेवते." आप्पा खोकले. मग म्हणाले, "आमच्याकडेही येतात. गुलाबाला." ऐसे अध्यक्षांस कळले की राज्यातला मोठा दरोडा आपल्याच घरून निघतो.

मग स्वारी घरी परतली. सुलभाबाई म्हणाल्या, "मघाशीच सांगत होते. एवढी बढाई मारल्यावर कळी झाडावर राहणार होती का? काल दिवेलागणीलाच तोडली आणि फ्रिजमध्ये ठेवली. दोऱ्याने बांधा पुन्हा, कोणाला कळतंय!" मग डबा काढला, कळी आत पुरी उमललेली, पांढरी शुभ्र, आणि वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि शिडी लावून हिरव्या दोऱ्याने फूल बांधिले, आणि मिशी वाचली ऐसे मानून पीळ भरला. गुढ्या उभ्या राहिल्या, अवघे राज्य दर्शनास लोटले, आणि पहिला वास घेण्याचा मान आप्पांस दिला. आप्पांनी वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. "अध्यक्ष," ते म्हणाले, "लसूण." कारण डब्याशेजारी लसणीच्या चटणीची वाटी उघडी होती. लोक एकमेकांकडे पाहू लागले, पण वामनराव मोठे धोरणी, तत्काळ बोलिले, "अर्थात लसूण! साधा चाफा कोणाकडेही असतो. ही जात वेगळी. राज्यात एकच." ते ऐकताच लोकांचे डोळे चमकले आणि जो तो म्हणे, "आम्हास फांदी द्या." वामनराव म्हणाले, "एक पान मिळणार नाही." बोकीलबाई छत्री टेकून म्हणाल्या, "नकोच. मागून घेतलेलं जगत नाही, चोरून आणलेलंच लागतं." आणि सर्वांनी माना डोलावल्या, वामनरावांनीही, आणि दुपारी श्रीखंड ओरपले, त्यासही थोडा लसूण होता.

दुसरे दिवशी उजाडता वामनराव अंगणात आले, तो एक खुंट होता आणि त्यावर हिरवा दोरा. कमानीपासून शेवटच्या बंगल्यापर्यंत एकूण एक कुंडीत नवी काडी खोचलेली होती, सुलभाबाईंनी माहेरी पाठवायला ठेवलेल्या कुंडीतही. वामनराव शब्दाचे पक्के, सर्वांदेखत मिशी उतरविण्यास न्हाव्याच्या दुकानी निघाले, आणि मागून राज्य निघाले.

येणेप्रमाणे वसंतातली मोहीम पार पडली. राज्य खुशाल, काड्यांस पाणी चालू. सोमवार असल्याने दुकान बंद होते.