न कापता सांगणारा प्रोग्रॅम

हेरंब साठ्यांनी पहिला कॅम कापला आणि त्यांचा चेहरा पडला. कॅम उत्तम निघाला होता.

पानिपतच्या ग्रोव्हर नावाच्या गिरणीवाल्याने आपल्या जुन्या लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, फिरून फिरून झिजणारे चकतीसारखे पोलादी कॅम दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत पाठवले होते. लेसरने त्यांचा पृष्ठभाग कडक करून हवा होता. कडक थर नीट बसला की नाही, हे एरवी कापूनच कळतं. आणि कापलेला कॅम काही लूमला लावता येत नाही. म्हणून हेरंबनी वर्षानुवर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. लेसरची ताकद, वेग, तापमान भरलं की थर कसा बसला ते तो न कापताच सांगे. पहिल्या कॅमला त्याने ‘निकृष्ट’ म्हटलं होतं. यंदा हे जमलं नाही तर प्रकल्पच बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

“तरी म्हणत होते, पानिपतचं काम घेऊ नकोस,” लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून त्यांच्या बायकोने, सुनीतीने, फोनवर ऐकवलं. “आपल्या लोकांना ते गाव लाभलंय का कधी?”

“सर, एकावरून काय कळतं?” केतकी म्हणाली. ती त्यांची मदतनीस, जन्माने दिल्लीकर. “दुसरा चेक करू ना.”

दुसरा निकृष्ट ठरला, कापला, उत्तम निघाला. तिसऱ्याचंही तेच. एकदा कापायला घेतल्यावर मध्येच थांबायचं कशाच्या जोरावर, हे हेरंबना कळेना. खिडकीबाहेर धुरकट दुपार साचली होती. टेबलावर चकाकणाऱ्या अर्ध्या चकत्यांचा ढीग वाढत होता, आणि पेटीत एकच कॅम उरला.

“सर, उदास नका होऊ यार… सॉरी, सर,” केतकीने जीभ चावली. “पण बघा, हा दरवेळी उलटंच सांगतो. मग आपण उत्तर उलटं वाचायचं! बिल्कुल करेक्ट!”

हेरंबच्या डोळ्यांत जरा धुगधुगी आली. त्यांनी शेवटच्या कॅमचे आकडे भरले. पडद्यावर उमटलं: ‘उत्कृष्ट’.



“उलटं वाचलं तर हा बिघडलाय,” केतकी हळूच म्हणाली.

“आणि सुलटं वाचलं तर चांगला. पण सुलटं वाचावं असं आजवर काय केलंय त्याने?”

बिघडलेला कॅम पाठवला आणि चालत्या लूममध्ये तुटून एखाद्याच्या बोटांवर आला तर? हेरंबना तेवढं पाप नको होतं. त्यांनी तो कापला, घासला, आम्लात बुडवला. कडेने काळसर थर उमटला. सलग, एकसारखा, पुस्तकात छापावा तसा.

“सर! बरोबर निघाला! पहिल्यांदाच!” केतकीने टाळ्या पिटल्या.

हेरंबही हसले. कित्येक महिन्यांनी हसले. हसता हसता त्यांची नजर रिकाम्या पेटीवर गेली, आणि तेवढ्यात फाटकावरून फोन आला, “सर, पानिपत से ग्रोव्हरजी आए हैं.”

जिना उतरताना हेरंबनी हिंदीतली माफी मनात घोळवून घोळवून पाठ केली. हातातल्या ट्रेमध्ये सगळे अर्धे कॅम खडखडत होते. ग्रोव्हरनी ट्रेकडे पाहिलंच नाही. त्यांनी हेरंबचा हातच धरला.

“साठ्येजी, बुरा मत मानना. वो लूम तो हमने कबाड़ में दे दी. नई मशीन आ गई, उसमें कॅम होता ही नहीं. फोन पे बोलना अच्छा नहीं लगा, तो खुद चला आया.”

सुटलो, असं हेरंबना वाटायला हवं होतं. पण त्यांचा अंगठा ट्रेमधल्या शेवटच्या कॅमच्या कडेवरून फिरत राहिला.

“मगर… बहुत बढ़िया बने थे,” ते म्हणाले.

“बने होंगे जी, बने होंगे,” ग्रोव्हर मायेने म्हणाले आणि गाडीत बसले.

“एकदम एकसारखे!” हेरंब मागून ओरडले. गाडी तोवर धुरक्यात दिसेनाशी झाली होती.