मुंजाभाऊंचं रीळ आणि माझा वरवंटा

माझा वरवंटा जमिनीवरून सरपटत माझ्याकडे येत होता. सकाळची वेळ, मी फाटकात दूध घ्यायला उभी, आणि शेजारच्या अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून, कापसाच्या वाळक्या काड्या मोडत, अडखळत, माझ्या सासूबाईंच्या वेळचा वरवंटा बाहेर पडला. त्याला दोरा बांधलेला होता. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आमचे शेजारी मुंजाभाऊ. मासे धरायची काठी दोन मांड्यांत दाबलेली, उजवा हात पँटच्या खिशात, आणि डाव्या हातानं रीळ फिरवणं चाललेलं.

"भाऊ, तो माझा वरवंटा आहे!" माझ्या हातातलं दूध सांडलं.

"वरडू नका, बाई. तुमच्या परसात धुऊन ठेवलेला दिसला. वजनाला बराबर मरळ माशाएवढा हाय." त्यांनी रीळ कानाशी धरून हलवलं आणि तोंड वाकडं केलं. "ऐका, आतल्या चाकाचे दात खिळखिळे झाले. हे लोड घेईना."

माझं सगळं आयुष्य जिंतूरच्या शाळेत पोरांमध्ये गेलंय. दप्तरातून सरडे निघालेले पाहिलेत मी. मला सहसा धक्का बसत नाही. पण मुंजाभाऊ निवृत्त होऊन घरी बसले आणि माझी ही ख्याती पार धुळीला मिळाली.

ते वीज खात्यात लाईनमन होते. तारा ओढता ओढता त्यांना एक सवय लागली, ती म्हणजे जगातली प्रत्येक गोष्ट ओढून पाहायची. कपडे वाळत घालायची दोरी, बादलीची कडी, दाराची बिजागरी, सगळं ओढून झालं की निकाल ठरलेला. 'लोड घेतंय' नाहीतर 'लोड घेईना'. माणसांनाही हीच मोजपट्टी. एकदा गल्लीतल्या एका मुलीला बघायला मुलगा आला, तर ह्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि सोडेचनात. पोरगं घामाघूम. वर मला कुंपणावरून सांगतात, "पोरगं गोड हाय, पण लोड घेईना."

आता ह्यातली खरी गंमत सांगते. मुंजाभाऊ माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात कधी मासा चाखलेला नाही, आणि वेड कशाचं, तर मासे धरायच्या रिळाचं! दर रविवारी मोटारसायकलवर पुढे हे, खांद्याला काठी लटकवलेली, मागे डबा घेऊन त्यांची बायको गयाबाई, अशी वरात धरणाकडे जायची. संध्याकाळी परसातल्या वेगळ्या चुलीवर गयाबाई कालवण शिजवायच्या आणि एकट्याच खायच्या. त्या धनगराच्या घरातल्या, नदीकाठी मेंढरं राखत वाढलेल्या. तोवर हे पुढच्या ओट्यावर नाकाला उपरणं लावून हरिपाठ म्हणत बसायचे. बायकोसाठी माळकऱ्यानं मासे मारावेत, ह्याचा पहिला धक्का मला बसला तो तेव्हाच.

मग गेल्या उन्हाळ्यात एक थोरली मरळ जलपर्णीत घुसली आणि तिनं रिळाचा चुराडा केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गयाबाईंना लकवा झाला. उजवा हात गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या. ओट्यावर लोखंडी खुर्चीत बसायच्या, पण डाव्या हातानं पदर तोंडावर गच्च धरून. चहासुद्धा पदराआड. डॉक्टरांनी उजव्या हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, पण तो त्या बोटांत बसवायला डावा हात पदरातून काढावा लागणार, म्हणून त्यांनी तो घेतलाच नाही. मी चार गोष्टी बोलायला गेले तर म्हणाल्या, "वाकडं तोंड लोकायनं कशापायी बगावं?"

घरात हे असं, आणि मुंजाभाऊंना सुचलं काय, तर मजबूत रीळ शोधायचं! परभणीला जाऊन एक रीळ आणलं, ते पाण्याच्या टाकीवरून खाली टाकलं. दुसरं चिखलाच्या बादलीत मुरवत ठेवलं. तिसऱ्याचा दोरा मेंढपाळाच्या बोकडाला बांधला. बोकड बाभळीत घुसला, रिळाची मूठ तुटून भाऊंच्या हातात राहिली आणि बोकड उरलेली काठी घेऊन बसस्टँडकडे गेला. दुकानदार म्हणे ह्यांना लांबून पाहिलं की शटर अर्धं ओढतो.

आणि सगळी तपासणी डाव्या हातानं. उजवा खिशात. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "उजव्यानं काय, कुणीबी फिरवंल."

वरवंट्याच्या दिवशी माझा संयम संपला. "भाऊ, तुम्हाला काही वाटतं का? बायको तोंड झाकून बसलीय, आणि तुम्ही एका मरळीवर सूड उगवायला निघालात? जरा तिच्याकडे बघा."

"तिच्याकडंच बगायलोय, बाई," ते शांतपणे म्हणाले आणि वरवंटा पुन्हा पऱ्हाट्यांत नेऊन टाकला. मी इतकी संतापले, की आठवडाभर त्यांच्याकडची बाजूची खिडकी उघडली नाही.

शेवटी एक रीळ आलं. जाड धातूचं, मूठ मोठ्या लिंबाएवढी. ते टाकीवरून पडलं, चिखलात मुरलं, वरवंटा घेऊन पऱ्हाट्यांतून आलं, आणि भाऊंनी निकाल दिला, "घेतंय." मग रोज अंगणात, मरळीला भुलवायला दोऱ्याला बांधतात तो रबरी बेडूक फेकायचा सराव सुरू झाला. बेडूक दर वेळी शेवग्याच्या झाडात अडकायचा. तीन दिवस गयाबाई पदराआडून हे पाहत होत्या. चौथ्या दिवशी पदरातून आवाज आला, "आवो, बघवंना आता! उद्या मला न्या तिकडं." किती महिन्यांनी त्या बाहेर पडायचं बोलल्या होत्या. मी माझ्या अंगणातून ते ऐकलं आणि आत जाऊन खिडकी उघडली.

सोबत हवी म्हणून भाऊंनी मलाही ॲपे रिक्षात बसवलं. ओट्यावरची लोखंडी खुर्चीही बरोबर घेतली. तिच्या दांडीला आता लोखंडी पाईपचा तुकडा वेल्डिंग केलेला होता. मला वाटलं, छत्रीसाठी असेल. काठावर गयाबाईंना खुर्चीत बसवून भाऊंनी काठी त्या पाईपात रोवली, आणि रिळाची मूठ बरोबर त्यांच्या डाव्या हाताशी आली.

"हे काय?" मी विचारलं. "तुम्ही नाही धरणार?"

"मला कुटं येतंय, बाई? माळकरी माणूस मी. मी पैल्यापासून गाडी चालवणारा. मरळ धरणारी ही. ती थोरली बी हिच्याच हातातून गेली."

अख्ख्या जिंतूरनं त्यांच्या खांद्यावरची काठी पाहिली होती. ती कुणाची, हे कुणी विचारलंच नव्हतं.

भाऊ माझ्या कानाशी वाकले. "आज हे तिच्या हातात तुटलं ना, तर ती पुन्ना हात द्यायची न्हाई. म्हणून इतके दिवस बेजार झालो."

त्यांनी बेडूक फेकला. गयाबाईंनी पदराआडून 'डावीकडं, जरा मागं' असं सांगत तो तीनदा फेकायला लावला. चौथ्यांदा तो जलपर्णीच्या कडेला पडला आणि पाणी फाट्कन उडालं. काठी वाकली. दोरा कर्रकर्र करत जलपर्णीत, बुडालेल्या बाभळींकडे पळायला लागला.

"धरा की!" गयाबाई ओरडल्या. हात पदरातच.

"मला येत न्हाई," भाऊ म्हणाले. उजवा हात खिशात होता, आता डावाही त्यांनी खिशात घातला.

"आवो, जाईल ती!"

"जाऊ दे मग."

मला त्या माणसाला पाण्यात ढकलावंसं वाटलं. तेवढ्यात गयाबाईंनी पदर सोडला आणि मूठ पकडली. रीळ कुरकुरलं, पण फिरलं. फिरवायचं थांबलं तर मरळ जाणार, त्यामुळे त्या हाताला पदराकडे जायला सवडच नव्हती. त्या ओढत होत्या, शिव्या देत होत्या, वाऱ्यानं पदर खांद्यावर गेला होता, आणि त्यांचं ते वाकडं, घामेजलेलं तोंड मी पहिल्यांदा उन्हात पाहिलं. जलपर्णीचा भारा काठाला लागला. त्यात मरळ. थोरली नव्हती, पण चांगली हातभर होती.

"काढा आता तिला. मला दुसरा हात कुटाय?"

भाऊंनी माळ शर्टाच्या आत सारली, डोळे मिटून 'विठ्ठला, माफी दे' म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा मासा हातात घेतला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. काठावर त्यांचा जो नाच झाला तो पाहून गयाबाई हसायला लागल्या. हसताना तोंड आणखी वाकडं होत होतं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

अखेर मरळ त्यांच्या दोन्ही हातांत बसली. डबा पायाशीच उघडा होता.

"टाका की डब्यात!" गयाबाई हसत म्हणाल्या.

भाऊंनी टाकली नाही. अंगाला शहारे येत होते, तरी ते मासा छातीशी धरून उभे राहिले. "कशी टाकू? डोकं आदी की शेपूट?" त्यांनी विचारलं. ते मासळीकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. तिनं सांगितलं. "म्हंजी कसं? पुन्ना सांग की," ते म्हणाले.

गयाबाई त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, आणि त्यांचा डावा हात मांडीवर मोकळा पडून होता.