लेन्सवाल्या सुमनताई

सुमनताई कुणालाही भेटल्या की आधी त्याची नखं बघायच्या. कुरकुंभच्या औषध कंपनीत त्या स्टोअरला, मी पॅकिंगला. दौंडहून कंपनीच्या बसनं आम्ही बरोबरच जायचो. मी चष्म्याऐवजी डोळ्यांत लेन्स लावते हे कळलं त्या दिवशी त्यांनी बसमध्येच माझी तपासणी केली.

"लेन्सची डबी दाखव."

दाखवली.

"ह्यात कालचंच सोल्युशन हाय?"

"वरून थोडं नवीन टाकते ना."

"शिळ्या आमटीत ताजी ओतली, म्हंजी ताजी झाली व्हय?" म्हणत त्यांनी डबी खिडकीबाहेर रिकामी केली.

मांडवगणच्या एका लग्नात नवरीला लेन्स आहेत हे कळल्यावर त्या आहेर द्यायला स्टेजवर गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "काढून निज गं. लाजू नको." नवरीचं तोंड बघण्यासारखं झालं. कॅन्टीनमध्ये सगळे त्यांना हसायचे. मीही हसायचे.

मग एकदा डबल ड्यूटी करून आले आणि लेन्स न काढताच झोपले. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, उजेड सोसेना. रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. त्या सकाळी चष्मा दिसू नये म्हणून मी पुन्हा लेन्स घालायला निघाले, तेवढ्यात मी कामावर दिसले नाही म्हणून सुमनताई घरी आल्या. डोळा बघून आईला म्हणाल्या, "पाहुण्यांना नको म्हणून कळवा." माझ्या लेन्स डबीसकट पिशवीत घातल्या आणि मला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

बुबुळावर जखम झाली होती. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर सुमनताईंनी हात धुऊन, पुसून स्वतःची डावी लेन्स काढली. ती रंगीत होती. खाली बुबुळावर पांढरा डाग.

"लग्नात चष्मा लपवला व्हता," त्या म्हणाल्या. "सासरी लेन्स घालूनच निजायचे. धुवायच्या त्या मोरीतल्या पाण्यानं. डोळा ठणकायला लागला, तरी सांगणार कुणाला?"

"मग?"

"मग सगळ्यांना दिसलंच की. वरीस व्हायच्या आत माहेरी आणून सोडलं."

परतीच्या गाडीत मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. त्यांनी मला उठवलं.

"ह्या बाजूला ये. तिकडून तू मला दिसत न्हाईस."

मी उजवीकडे बसले. दौंड येईपर्यंत त्या माझ्याकडेच बघत होत्या.