कांदा न दिलेल्या उंदरांचं प्रकरण

सात रस्त्याजवळ, चादरींच्या दुकानावरच्या खोलीत गुप्तहेर गुरुशांत बसतात. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नाहीत. फक्त एकदा सुरू झाले की समोरच्याचा चहा गार होतो. "माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार घाम पुसतात," असं ते सांगतात. मे महिन्यातल्या सोलापुरात घाम कोण पुसत नाही, हे त्यांची सहायक अंकिता मनातल्या मनात म्हणते. बिचारीला नोकरी टिकवायची आहे.

त्या दिवशी फार्मसी कॉलेजात पीएच.डी. करणारी शिवानी रडवेली होऊन आली. कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. ते उंदरांच्या रक्तात किती उतरतं, आणि शरीरात त्याची कोणकोणती रूपं होतात, हे मोजायची पद्धत तिनं बसवली होती. निम्म्या उंदरांना कांद्याचा अर्क, निम्म्यांना साधं पाणी. आणि आता पाणीवाल्यांच्या रक्तातही तीच रूपं सापडत होती.

"सर म्हणतात, तुझी पद्धतच खोटी. विषय बदल. माझी एवढी वर्षं पाण्यात जातील हो काका!"

"रूपं बदलतो म्हणता?" गुरुशांत उठून उभे राहिले. "म्हणजे गुन्हेगार वेषांतरात पटाईत आहे!"

"अहो, ते काम यकृताचं. रक्ताच्या नळीत बाहेरून काही पडलं असतं, तर मूळ क्वेर्सेटिन दिसलं असतं. रूपं दिसतात, म्हणजे उंदरांनी ते खाल्लंय."

एवढ्या बोलण्यात कामाचा शब्द एकच होता, 'खाल्लंय'. गुरुशांतांनी तो सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

उंदरांच्या खोलीत त्यांच्या बुद्धीला धार चढली. आधी त्यांनी ठरवलं, उंदीर आपापसांत पिंजरे बदलतात. कड्या बाहेरून होत्या. मग त्यांनी शिवानीच्या मार्गदर्शकांवर, अण्णाराव सरांवर, संशय घेतला, कारण "माणूस फार साधा दिसतो." सर शेजारीच उभे होते. शेवटी त्यांनी उंदरांचं पाणी बोटानं चाखलं आणि किंचाळले, "खारट! विष!" मिशीवरून त्यांचाच घाम ओघळत होता.

एवढ्यात शिवानीची आई अक्कम्मा रोजच्यासारखा डबा घेऊन आली. "तू भाईर बसून जेव जा. मी हाय हितं," ती लेकीला म्हणाली, आणि डब्यातल्या कांद्याच्या फोडी काढून पाणीवाल्या पिंजऱ्यांत घालू लागली. सगळ्यांच्या देखत!

"मावशी, हे काय करताय?" अंकितानं विचारलं.

"कांदा की! तिकडच्यांना रोज औषध, आन ह्यांना नुसतं पाणी. एका पंगतीत असं वाढतात व्हय? मी रोज घालते."

अर्काच्या त्या खोलीत कांद्याचा वेगळा वास कुणाला येणार!

शिवानी मटकन खाली बसली. मग एकाएकी ताडकन उठली.

"सर, आईनं चोरून घातलेली फोडसुद्धा माझ्या पद्धतीनं पकडली. अजून खोटी म्हणाल?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उंदीर नवे आण," ते म्हणाले. "पद्धत हीच राहू दे."

शिवानीला रडू फुटलं, पण आता ते आनंदाचं होतं.

"माझा पहिल्यापासून कांद्यावरच संशय होता," गुरुशांत अंकिताला म्हणाले.

अक्कम्मानं लेकीचे डोळे पदरानं पुसले. "उगी, उगी. न्हाय घालत कांदा," ती म्हणाली. "नव्यांना गूळ घातला तर चालंल की?"