पांढऱ्या कार्डाचे तात्या

लग्नात नवरी सजवायला जशी एखादी बाई ठरलेली असते, तसे आमच्या चाळीत घर गरीब दाखवायला तात्या ठरलेले होते. तलाठी चौकशीला येणार असं कळलं की लोक आदल्या दिवशी तात्यांना बोलावून न्यायचे. तात्या उंबऱ्यात उभे राहून सगळ्या घरावर एकदा नजर फिरवायचे आणि मग बोट दाखवत सांगायचे, ती स्टीलची कळशी फळीखाली घ्या, नवी चादर काढा, कॅलेंडर राहू द्या, गरिबालाही तारीख लागते. कुणी उत्साहाने सगळंच उचलायला लागलं की रागवायचे. "एवढं ओकंबोकं नका करू. इतकं गरीब कुणी नसतं, साहेबाला संशय येतो."

यात खोटं फारसं नव्हतं. आम्ही गरीबच होतो. फक्त आमची गरिबी नीट दिसत नव्हती, असं तात्यांचं म्हणणं होतं. "सरकारला दिसतं तेवढंच खरं," हे त्यांचं वाक्य. दुसरं वाक्य होतं, "पुरावा काय?" जेवण झालं का म्हणून विचारलं तरी म्हणायचे, "झालं म्हटलं तर पुरावा काय?" मग स्वतःच ढेकर द्यायचे. बऱ्याचदा तो ढेकर रिकाम्या पोटाचा असायचा, हे मला पुढे कळलं.

तात्या मूळचे सिन्नरकडचे. नाशकात आले आणि कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहीत बसले, ते केस पांढरे होईपर्यंत. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पेठ रोडच्या आमच्या चाळीत चौदा खोल्या, त्यातली शेवटची त्यांची. आत एक खाट, एक रॉकेलचा स्टो, एक पातेलं आणि अर्जांच्या नकलांनी भरलेली पत्र्याची पेटी. त्यांना स्वतःचं घर कधी लावावं लागलं नाही.

माझे मालक वारले तेव्हा योगिता पाच वर्षांची होती आणि कविता नुकती चालायला लागली होती. मी घरी बसून हार ओवायचे. भाऊ मखमलाबादहून फुलं आणून टाकायचा. निराधार योजनेत विधवा बाईला सरकार महिन्याला काहीतरी देतं, हे मला तात्यांनीच सांगितलं. मी चौथी शिकलेली, लिहितावाचता येत होतं, पण चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. साहेबापुढे मी काय बोलणार, असं मी कसंबसं म्हणाले तर तात्या एकदम खूश झाले.

"बोलूच नकोस, सुमन. रडणाऱ्या बाईला साहेब सल्ला देतो. भांडणाऱ्या बाईला पुढची तारीख देतो. गप्प बसणाऱ्या बाईला सही देतो. तुझ्यासारखा अर्जदार मला वीस वर्षांत मिळाला नाही."

तरी तालीम झालीच. तात्या खाटेवर साहेब होऊन बसले, मी समोर उभी राहिले आणि शेजारच्या कमलबाई दारातून बघत होत्या. तात्यांनी कडक आवाजात माझं उत्पन्न विचारलं आणि मी खरंच घाबरले. कमलबाई म्हणाल्या, "तात्या, हिला लय छान गप्प केलं. आता माझ्या सुनेलाही जरा शिकवा."

अर्ज मंजूर झाला. मी पेढे घेऊन गेले तर तात्यांनी हात मागे घेतला. पेढे वाटले की परिस्थिती सुधारल्याचा पुरावा होतो, म्हणाले. मग दार लोटून घेतलं आणि दोन पेढे खाल्ले.

त्यांची स्वतःची एक फाईल होती, लाल नाडीने बांधलेली. म्हातारपणाच्या पेन्शनची. पासष्टी गाठायला अजून दोन वर्षं होती, पण वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, फोटो, सगळं तयार होतं. ती फाईल मांडीवर घेऊन ते म्हणायचे, "सरकार हाच माझा मुलगा. महिन्याच्या महिन्याला पाठवणार. भांडण नाही, सून नाही." कमलबाई म्हणायच्या की असा मुलगा तर आम्हालाही पाहिजे.

अशात रेशनची तिरंगी कार्डं निघाली. गरिबाला पिवळं, मधल्याला केशरी, बऱ्यापैकी असलेल्याला पांढरं. पिवळं असेल त्यालाच स्वस्त धान्य, आणि पेन्शनलाही तेच लागणार असं सगळे सांगत होते. तात्यांच्या फाईलमध्ये तेवढा एक कागद कमी होता. घरोघर तपासणी होणार होती, आणि गॅस, फोन, टीव्ही दिसला की पिवळं गेलं, अशी चाळीत बोलवा होती.

तात्यांनी बैठक घेतली. तपासणीचा माणूस पहिल्या खोलीपासून सुरू करतो, सातव्या घरानंतर दमतो आणि शेवटची घरं बाहेरूनच लिहितो, हा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. म्हणजे चौदावी खोली सगळ्यात सुरक्षित. तपासणीच्या सकाळी सगळ्यांनी आपापलं सामान तात्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. तीन टीव्ही, पाच गॅसच्या टाक्या, शेगड्या, दोन मिक्सर, कमलबाईंच्या मुलाचा लहान फ्रीज, आणि तिसऱ्या खोलीतल्याची स्कूटर, तीसुद्धा आत. तीन टीव्हींतला एक माझा. मालकांनी हप्त्यावर घेतलेला, त्यांची तेवढीच एक वस्तू घरात होती.

दसरा दोन दिवसांवर होता. माझा भाऊ झेंडूच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो घेऊन आला आणि त्याने तो बरोबर गल्लीच्या तोंडाशी लावला. मी गोण्या उतरवून घेत होते. तपासणीचे साहेब आले, त्यांना टेम्पोमुळे वाट मिळेना. ते मागच्या बोळातून वळून आले. मागून आलं की पहिली खोली लागते ती चौदावी.

आम्ही धावत गेलो तोवर साहेब आत पोचले होते. म्हणजे दारातच उभे होते, कारण आत जायला जागा नव्हती. तात्या खाटेवर, मांडीवर मिक्सर, पायाशी टाक्या. साहेबांनी विचारलं, तीन टीव्ही कशाला? तात्या म्हणाले, "एक मराठीचा, एक हिंदीचा, एक बातम्यांचा." पाच शेगड्या? स्वयंपाकाची आवड आहे. स्कूटर? शिकतोय.

साहेब काही बावळट नव्हते. त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, मग शांतपणे तात्यांना म्हणाले, "आजोबा, हे कुणाकुणाचं आहे ते सांगा. तुमचं पिवळं मी आत्ता लिहितो."

चाळ गप्प झाली. मला बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या दिवशी ते मला फार सोयीचं पडलं. मी हातातल्या झेंडूच्या पाकळ्या तोडत उभी राहिले. तात्यांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, तपासणीच्या आदल्या दिवशी घरावरून फिरवायचे तशी. म्हणाले, "माझंच आहे."

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या घरात आहे. सरकारला दिसतंय."

मग साहेबांनी विचारलं, एवढ्या सामानात एकटाच माणूस कसा, घरात आणखी कोण? तात्यांनी आवाज खाली आणून काहीतरी सांगितलं. साहेब थोडे थांबले आणि लिहीत राहिले. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

अशा रीतीने चाळीतल्या तेरा घरांना पिवळं कार्ड मिळालं आणि पांढरं एकट्या तात्यांना. संध्याकाळच्या आत सगळे आपापलं सामान घेऊन गेले. मीही टीव्ही आणला. काही दिवस पोरं त्यांना शेठ म्हणायची आणि तात्याही मान हलवून घ्यायचे. तुम्ही पिवळे, मी डॉक्टर-वकिलांच्या रांगेतला, असं म्हणायचे. कचेरीत जाऊन खरं सांगू असं चाळीत दोन-तीनदा निघालं, पण खरं सांगायचं म्हणजे आपलं पिवळं टेबलावर ठेवायचं. कुणी गेलं नाही. मीही नाही. तात्यांची पासष्टी आली आणि गेली. फाईलची नाडी तशीच बांधलेली राहिली.

पुढे त्यांना दिसेनासं झालं, मोतीबिंदू. अर्ज लिहिणं बंद पडलं. तोवर योगिता कामाला लागली होती आणि मला पूर्वीएवढी भीती राहिली नव्हती. एका दुपारी मी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या फाईलची लाल नाडी सोडली. म्हटलं, तात्या, तुमचा अर्ज मी लिहिते. त्या दिवशीचा एक टीव्ही माझा होता, असं लिहून खाली सही करते. माझं काय व्हायचं ते होऊ दे. कार्ड द्या, नंबर घालायचा आहे.

तात्या कार्ड देईनात. नंबर तोंडपाठ आहे म्हणाले. तोंडचा नंबर चालत नाही हे तुम्हीच शिकवलंत, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी उशीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. ते कार्ड कधीच रेशनच्या दुकानात गेलं नसावं. अगदी कोरं होतं. मी उघडलं. कुटुंबप्रमुख म्हणून तात्यांचं नाव, आणि त्याखाली तीन ओळी. सुमन, मुलगी. योगिता, नात. कविता, नात.

मी पुन्हा वाचलं. तीन नावं वाचायला चौथी पुरते.

"साहेबाने विचारलं," तात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "पटकन दुसरं कुणी आठवलं नाही."

त्यांनी हात पुढे केला, कार्डासाठी. "अर्ज नको, सुमन. पेन्शन एकट्या माणसाला असते. आधी ही तिघं कमी करावी लागतील."

मी वही मिटली. फाईलला नाडी बांधली. मग म्हटलं, चला, घरी जेवायला. आणि आजच नाही, रोजच.

तात्या उठले नाहीत. "कोण म्हणून येऊ?"

"वडील म्हणून."

"पुरावा काय?"

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं.