शीलाबाईंचा काटा

घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक जोखणारा एक धर्मकाटा आहे. तिथे कामाला असलेल्या शीलाबाई रविवारी, गाड्या कमी असल्या की, स्वतःच ट्रक चढतो त्या लोखंडी पाटावर मधोमध उभ्या राहतात आणि खिडकीतल्या सहकाऱ्याला ओरडून आकडा विचारतात. हा काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. त्यामुळे शीलाबाईंचे वजन कित्येक वर्षे साठ आहे.

मी त्यांच्या शेजारी राहते. दवाखान्यातल्या काट्यावर एकदा पाहा, असे मी सुचवले होते.

"त्या डब्ब्यावर? माह्या काट्यावर एवढाली गाडी खोटं बोलत नाई, मी काय बोलन!"

गाडी जोखताना ड्रायव्हर-क्लीनरने खाली उतरायचे, पाटाला कोणी टेकायचे नाही, हा तिथला नियम. "हात नका लावू, काटा बिघडते," हे त्यांचे वाक्य. ते सगळीकडे चालते. लग्नाच्या पंगतीत कोणी त्यांच्या हातातली वरणाची बादली घ्यायला गेले, तरी तेच ऐकायला मिळते.

घरात त्या आणि प्रज्ञा, दोघीच. प्रज्ञा त्यांची मुलगी, पंचविशीतली. तिच्या पायांत लहानपणापासून जोर नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत शीलाबाईच तिला उचलून नेतात. मदतीला कोणी पुढे झाले की, "हात नका लावू."

"आई, मी कोळसा हाओ का?"

"कोळसा बरा, बाई. तो बोलत तं नाई."

पन्नाशीनंतर शीलाबाईंची पाळी थांबली. त्या जानेवारीत त्यांच्या घरी कूलर सुरू झाला. प्रज्ञा स्वेटर आणि मफलर घालून टीव्ही पाहत बसे. "आमच्या घरी काश्मीर आलं जी," ती मला खिडकीतून सांगे. शीलाबाईंच्या कामावर मात्र त्यांच्या घामाचे कोणाला नवल वाटले नाही. घुग्घुसमध्ये गरम होते, ही काही बातमी नव्हती.

मग ब्लाउज बाह्यांत ढिले आणि पोटावर घट्ट होऊ लागले. शीलाबाई शिंप्याकडे गेल्या. "वजन साठच हाये, मंग कपडा काऊन आखडला?" शिंपी म्हणाला, "बाई, काटा दुरुस्त करा." त्यांनी शिंपी बदलला.

एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर प्रज्ञा त्यांच्या हातांतून निसटली. फार लागले नाही. शीलाबाई मात्र त्याच आठवड्यात माझ्यासोबत चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे आल्या. तिथल्या काट्यानेही साठच दाखवले. त्यांनी खटला जिंकल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

डॉक्टरीणबाईंनी समजावले. या वयात स्नायू झिजतात, चरबी पोटावर साठते. वजन तेच राहिले तरी आतले प्रमाण बदलते. शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो. जेवण सोडू नका, डाळ-अंडी खा, झेपेल तेवढे वजन उचलत जा.

"रोजच उचलतो न जी," शीलाबाई म्हणाल्या.

परतताना बसमध्ये त्या खिडकीतून कोळशाच्या गाड्या मोजत होत्या. घुग्घुसच्या अलीकडे म्हणाल्या, "समजलं मले. गाडी खाणीतून भरून निघते. वाटेत कोळसा उतरवतात, दगड भरतात. काट्यावर वजन बरोबर. काटा तसली गाडी पकडत नाई, ताई."

सल्ला त्यांनी मानला नाही. दगड कमी झाले की ताकद परत येईल, असा हिशेब करून त्यांनी रात्रीची भाकर सोडली. पोट होते तिथेच राहिले. दंड आणखी उतरले.

गेल्या रविवारी सकाळी त्यांनी भिंतीपलीकडून मला हाक मारली. मी गेले तेव्हा प्रज्ञा पलंगाच्या काठावर बसली होती. शीलाबाईंनी तिच्या काखेत हात घातले, थोडे उचलले आणि परत खाली बसवले. मग माझ्याकडे वळल्या.

"ताई, जरा हात लावा."

मी दुसऱ्या बाजूने धरले. ओझ्याची तयारी ठेवली होती. प्रज्ञा फारच हलकी लागली. तिला खुर्चीत बसवून शीलाबाई पाणी काढायला न्हाणीत गेल्या. मी चादर सारखी करताना उशी सरकली. मागे कागदात गुंडाळलेली अख्खी भाकर होती.

"रात्री भूक नव्हती?"

"हळू बोला जी." प्रज्ञाने न्हाणीकडे पाहिले. "आईले नका सांगू. मी हलकी झाली तं तिले जमन."

आतून हाक आली, पाणी झालं. मी भाकर होती तशी गुंडाळून ठेवली.